प्लग भिंतीत बसल्याशिवाय चेक फाडू नका

‘मी कराडचा. गेल्या वर्षी निवृत्त झालो. मुलगा पुण्यात वाकडला राहतो, नोकरी खराडीला. जुनी डिझेल गाडी काढून त्याला इलेक्ट्रिक कार घ्यायची आहे. ऑनरोड साडेसोळा लाख. त्यातले पाच लाख मी द्यायचे ठरले होते, पण आता मन मागे येते आहे. आठ वर्षांनी बॅटरी जाते आणि नवी सहा लाखांची असते, असे सकाळी फिरायला येणारे सगळे सांगतात. परदेशात लोकांनी या गाड्या परत केल्या, मागणीच नाही, जुनी झाली की कोणी घेत नाही, पेटतात, असेही ऐकतो. मुलगा म्हणतो, बाबा, तुम्ही व्हॉट्सअॅपवरचे बोलता. सोसायटीने पार्किंगमध्ये चार्जर लावायला अजून परवानगी दिलेली नाही, पण ते होईल म्हणतो. पैसे देऊ की नको?’
– एक वाचक, कराड

नमस्कार,

तुमचं पत्र इथे थोडक्यात दिलंय. मूळ पत्रात बॅटरीवर तुम्ही पानभर लिहिलंय आणि सोसायटीच्या परवानगीवर एकच वाक्य. मला काळजी वाटली ती त्या एका वाक्याची. ‘ते होईल’ या दोन शब्दांवर साडेसोळा लाखांची गाडी उभी करायला निघालाय तुमचा मुलगा.

आधी हिशेब मांडू. वाकड ते खराडी जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर, महिन्याचे बावीस दिवस धरले तर अकराशे. महिन्यातून एक कराडची फेरी, साडेतीनशे. म्हणजे साधारण साडेचौदाशे किलोमीटर. पुण्याच्या गर्दीत आणि महामार्गावर मिळून पेट्रोलची ऑटोमॅटिक गाडी लिटरला पंधरा देते असं धरलं आणि पेट्रोल १०४ रुपये, तर महिन्याला दहा हजार जातात. इलेक्ट्रिक गाडीला शंभर किलोमीटरला, चार्जिंगमधली गळती धरून, पंधरा युनिट लागतात असं समजा. २१८ युनिट झाली. मी युनिटला १४ रुपये धरले. तुम्हाला हा दर जास्त वाटेल, पण महावितरणच्या घरगुती बिलात टप्पे असतात. घरचा वापर दीडशे युनिट असेल आणि वर गाडीची दोनशे चढली, तर तीनशेचा टप्पा ओलांडला जातो आणि वरची युनिटं महागड्या दराने लागतात. त्यावर वहन आकार आणि वीजशुल्क वेगळं. ‘किलोमीटरला एक रुपया’ म्हणणारे व्हिडिओ हे सगळं सोडून देतात. तरीसुद्धा महिन्याचे तीन हजार पन्नासच होतात.

म्हणजे पेट्रोलशी तुलना केली तर महिन्याला सात हजार वाचतात, वर्षाला ८४ हजार. त्याच मापाची पेट्रोल ऑटोमॅटिक तेरा लाखांच्या आसपास रस्त्यावर येत असेल, तर साडेतीन लाखांचा फरक चार वर्षांत भरून निघतो, कर्जाचं व्याज धरलं तर पाच. इथे एक गोष्ट बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक उपकरावरून १८ टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिकवर आधीपासून ५ टक्केच आहे, तो तसाच राहिला. म्हणजे दोन्हींच्या किमतीतली दरी वाढली. त्याआधीचे हिशेब मुलगा दाखवत असेल तर ते बाद समजा. ‘कर्जाच्या व्याजावर दीड लाखाची आयकर सवलत मिळते’ असं कोणी सांगितलं तर तेही सोडून द्या. कलम ८० ईईबीची ती सवलत ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरती होती. महाराष्ट्रात मोटार वाहन कर लागत नाही, तो फायदा मात्र खरा आहे आणि ऑनरोड किमतीत आधीच आलेला असतो. टोलमाफीचा आनंद जपून ठेवा. राज्याच्या २०२५ च्या धोरणातली माफी मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूसाठी आहे. पुणे-कराड वाटेवरच्या खेड शिवापूर, आनेवाडी आणि तासवडे या नाक्यांवर फास्टॅगमधून पैसे कापले जाणार, असंच धरून चाला.

आता जे गणित इलेक्ट्रिकवाले सहसा दाखवत नाहीत ते. सीएनजी. किलोला तेवीस किलोमीटर आणि भाव नव्वद रुपये धरला तर महिन्याचे पावणेसहा हजार. इलेक्ट्रिकपेक्षा फक्त सव्वीसशे जास्त. सीएनजी गाडी ऑनरोड बारा लाखांत येत असेल, तर साडेचार लाखांचा फरक वसूल व्हायला चौदा वर्षं लागतील. रांगेत उभं राहणं, डिकीतली टाकी, घाटात जरा दमणं, आणि बहुतेक मॉडेलांत हाताने गियर टाकणं, हे सगळं आहेच. पण निव्वळ पैशाचाच प्रश्न असेल तर सीएनजी जिंकते आणि मुलाला हे तोंडावर सांगायला हरकत नाही. वाकडहून खराडीला रोज क्लच दाबत जाण्यापेक्षा दोन-तीन लाख जास्त गेले तरी चालतील, असं तो म्हणाला तर तेही चुकीचं नाही. मग ती त्याची सोय आहे आणि तिची किंमत त्याने स्वतःच्या पगारातून द्यावी.

हे सगळं गाडी रात्री स्वतःच्या जागेवर चार्ज होते असं धरून झालं. सोसायटीने नाही म्हटलं तर? बाहेरच्या जलद चार्जरवर करासकट युनिटला बावीस रुपये धरा. महिन्याचे चार हजार आठशे. सीएनजीशी फरक नऊशे रुपयांचा. आणि त्या नऊशेसाठी आठवड्यातून दोनदा कुठल्या तरी मॉलच्या तळघरात पाऊण-एक तास बसायचं, त्यातही चार्जर चालू असेल तर. देशात २०२४ च्या अखेरीस सार्वजनिक चार्जिंग केंद्रं २५ हजारांच्या वर होती, त्यात महाराष्ट्र ३,७०० च्या आसपास केंद्रांसह कर्नाटकानंतर दुसरा. कागदावर आकडा चांगला दिसतो. पण नकाशावर हिरवा दिसणारा ठिपका जागेवर बंद सापडणं, किंवा चार्जरसमोर कोणाची तरी पेट्रोल गाडी लावलेली असणं, हा प्रकार इलेक्ट्रिक गाडी वापरणाऱ्या कोणालाही विचारा. म्हणून मी म्हणते, घरी प्लग नसेल तर ही गाडी तुमच्या मुलासाठी नाही. तिथे चर्चा संपते.

मग तो प्लग कसा मिळवायचा? मुलाने समितीच्या अध्यक्षांना लिफ्टमध्ये गाठून विचारणं बंद करावं आणि लेखी अर्ज द्यावा. त्यात लिहावं की वायर माझ्या स्वतःच्या मीटरपासून येईल, परवानाधारक ठेकेदार काम करेल, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप वीज तोडणारं बटण) आणि गळती ओळखणारा ब्रेकर असेल, अर्थिंग तपासलेलं असेल, खर्च माझा. मंजूर भार कमी पडत असेल तर तो वाढवून घेईन. घरच्या जोडणीवरून गाडी चार्ज करायला केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार कसलाही वेगळा परवाना लागत नाही. शिवाय वीज ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली आणि इलेक्ट्रिक वाहन चार्ज करण्यासाठी वेगळी जोडणी मागण्याचा मार्ग स्पष्ट झाला. त्याच दुरुस्तीत नव्या जोडणीची मुदतही कमी केली, महानगरांत ३ दिवस, नगरपालिका हद्दीत ७ आणि ग्रामीण भागात १५. वेगळी जोडणी घेतली तर घरच्या बिलातला टप्प्यांचा त्रासही टळतो, कारण चार्जिंगसाठीच्या दरात असे टप्पे नसतात. सोसायटीने स्वतःच अशी जोडणी घेऊन दोन-तीन सामायिक चार्जर बसवले आणि वापरेल त्याच्याकडून पैसे घेतले, तर समितीचा विरोध बराच मावळतो. चौथ्या मजल्याच्या खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडून गाडी चार्ज करणारे महाभाग मी पाहिलेत. मुलगा तसं काही करणार असेल तर पाच रुपयेसुद्धा देऊ नका.

समिती आगीचं कारण पुढे करेल, तुम्हीही तेच लिहिलंय. ही भीती आकाशातून पडलेली नाही. मार्च २०२२ मध्ये पुण्यात भर रस्त्यात इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ देशभर फिरला, त्याच महिन्यात तामिळनाडूत वेल्लोरला घरात स्कूटर पेटून बाप-लेक गेले, आणि एप्रिलमध्ये नाशिकला कंटेनरमध्ये लादलेल्या स्कूटर जळाल्या. त्यानंतर सरकारने बॅटरी सुरक्षेची मानकं कडक केली, ती डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाली. त्या वर्षीच्या गाजलेल्या घटना मुख्यतः स्कूटरच्या होत्या. मोटारींचं बघायचं तर स्वीडनच्या नागरी संरक्षण खात्याची २०२२ ची नोंद आहे: सुमारे ६ लाख ११ हजार इलेक्ट्रिक गाड्यांत २३ आगी, आणि पेट्रोल-डिझेलच्या ४४ लाखांत ३,४००. तिथल्या इलेक्ट्रिक गाड्या नव्या आहेत आणि हवा थंड, हे जमेस धरा. तरी फरक एवढा मोठा आहे की ‘पेट्रोल गाडी सुरक्षित’ म्हणणाऱ्याला जरा थांबावं लागेल. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी उष्णतेने सहजासहजी पेटत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत तीच असते. विक्रेत्याला हा प्रश्न नेमका विचारा आणि उत्तर माहितीपत्रकावर दाखवायला सांगा.

आता तुमची बॅटरी. ‘आठ वर्षांनी बॅटरी जाते’ हे हमीची मुदत आणि आयुष्य एकच समजल्यामुळे पसरलंय. बहुतेक कंपन्या ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी होईल तोवर हमी देतात. मुलाच्या वापराने वर्षाला साडेसतरा हजार किलोमीटर होतील, म्हणजे त्याच्याबाबतीत आठ वर्षंच आधी येतील. त्या दिवशी बॅटरी मरत नाही, कंपनीची जबाबदारी संपते. जिओटॅब या कॅनडातल्या कंपनीने हजारो गाड्यांची नोंद तपासून २०२४ मध्ये सांगितलं की बॅटरीची क्षमता वर्षाला सरासरी १.८ टक्के घटते. आपल्या उन्हात आणि रोज जलद चार्जर वापरला तर यापेक्षा जास्त घटेल. वर्षाला अडीच टक्के धरलं तरी आठ वर्षांनी ऐंशी टक्के उरते. कराडला एका दमात पोहोचायला तेवढी पुरते.

सहा लाखांचं काय? ऊर्जा बाजाराचा अभ्यास करणाऱ्या ब्लूमबर्ग एनईएफच्या पाहणीत बॅटरी पॅकचा जागतिक सरासरी भाव २०२३ मध्ये किलोवॉट-तासाला, म्हणजे एका युनिटच्या क्षमतेला, १३९ डॉलर होता, २०२४ मध्ये ११५. हा घाऊक भाव झाला, सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर तो मिळत नाही. पण भाव उतरतोय, आणि आठ वर्षांनंतर आजचाच आकडा असेल असं धरणं बरोबर नाही. मात्र या उताराची दुसरी बाजू तुम्हाला कोणी सांगितलेली नसेल. बॅटरी स्वस्त झाली की नवी गाडी स्वस्त होते, जास्त पल्ल्याची होते, आणि तुमच्या जुन्या गाडीला भाव राहत नाही. जुन्या गाडीबद्दल सकाळच्या मंडळींचं म्हणणं इथे बरोबर आहे. तीन वर्षांनी गाडी बदलायची सवय असेल त्याने इलेक्ट्रिक घेऊ नये. आठ-दहा वर्षं वापरणार असेल त्यालाच ती परवडते. ‘आजीवन हमी’चं पोस्टर दिसलं तर ती दुसऱ्या मालकाला मिळते का ते वाचा. बहुतेकदा ती पहिल्या मालकापुरतीच असते. आणि गतिरोधकावर खालून घासून बॅटरीचं आवरण चेपलं तर ते हमीत बसत नाही, विम्यात बसतं. तेव्हा बॅटरीचं वेगळं संरक्षण घ्यायला लावा.

बिघाडाबद्दल दोन्ही बाजूंनी खरं बोलणारे आकडे आहेत. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक संस्थेच्या पाहणीत २०२३ मध्ये इलेक्ट्रिक गाड्यांत पेट्रोलपेक्षा ७९ टक्के जास्त तक्रारी होत्या, २०२४ मध्ये ४२ टक्के जास्त. उलट जर्मनीतला वाहनचालकांचा संघ एडीएसी रस्त्यावर बंद पडलेल्या गाड्यांना मदत करायला जातो, त्याच्या नोंदीत एकाच वयाच्या गाड्यांपैकी इलेक्ट्रिक गाड्या पेट्रोल-डिझेलच्या निम्म्याहूनही कमी वेळा बंद पडतात. म्हणजे स्क्रीन अडकणं, दार न उघडणं, चार्जर न ओळखणं असल्या कटकटी जास्त, पण मोटर बसून रस्त्यात अडकणं कमी. गंमत म्हणजे बंद पडण्याचं सगळ्यात मोठं कारण तिथे दोन्हीकडे एकच आहे, ती साधी १२ व्होल्टची बॅटरी. ती या गाडीतही असते, आणि ती उतरली की लाखोंची मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. आपल्याकडे खरी अडचण बिघाडाची नाही, बिघाड झाल्यावरची आहे. सुटा भाग यायला आठवडे लागतात आणि गल्लीतला मिस्त्री हात लावत नाही. म्हणून कराड किंवा साताऱ्यात त्या कंपनीचं इलेक्ट्रिक गाड्या उघडणारं वर्कशॉप आहे का, ते तुम्ही स्वतः जाऊन बघा. शोरूम नव्हे, वर्कशॉप. हे काम मुलापेक्षा तुम्हाला चांगलं जमेल.

‘मागणीच नाही’ हे अर्धं खरं आहे. हर्ट्झ या भाड्याने गाड्या देणाऱ्या अमेरिकी कंपनीने २०२१ मध्ये एक लाख टेस्ला घेण्याची घोषणा केली आणि जानेवारी २०२४ मध्ये २० हजार इलेक्ट्रिक गाड्या विकायला काढल्या, दुरुस्ती महाग आणि पुनर्विक्रीला भाव नाही म्हणून. बहुधा हाच व्हिडिओ तुमच्यापर्यंत पोहोचला. जर्मनीने डिसेंबर २०२३ मध्ये अनुदान एकाएकी बंद केलं आणि पुढच्या वर्षी तिथली इलेक्ट्रिक विक्री २७ टक्क्यांनी पडली. त्याच २०२४ मध्ये नॉर्वेत विकलेल्या दहा नव्या गाड्यांपैकी जवळजवळ नऊ इलेक्ट्रिक होत्या आणि जगभरात १ कोटी ७० लाख विकल्या गेल्या. यातलं काहीही वाकडच्या पार्किंगला लागू पडत नाही. मला पटतो तो आपल्याकडचा पुरावा. २०२४-२५ मध्ये देशात विकलेल्या मोटारींत इलेक्ट्रिक अडीच-तीन टक्केच होत्या, दुचाकींत सहा टक्के, आणि तीनचाकींत निम्म्याहून जास्त. तीनचाकीवाला पर्यावरणासाठी गाडी घेत नाही. तो रोज संध्याकाळी खिशातली रक्कम मोजतो. तो वळला, कारण त्याची गाडी दिवसभर पळते आणि रात्री ठरलेल्या जागी चार्ज होते. तुमच्या मुलाला लागू पडणारी कसोटी हीच.

सरकारी घोषणा आणि गाडी हातात येणं यात किती अंतर असतं, हे एसटीकडे बघून कळतं. १ जून २०२२ ला पुणे-नगर मार्गावर पहिली ‘शिवाई’, म्हणजे एसटीची इलेक्ट्रिक बस, धावली, ज्या मार्गावर १९४८ मध्ये पहिली एसटी धावली होती त्याच मार्गावर. पुढे ५,१५० इलेक्ट्रिक बस भाड्याने घेण्याचा करार झाला आणि त्या ठरल्या वेळी आल्या नाहीत. म्हणून ‘लवकरच हायवेवर चार्जरच चार्जर होणार’ या भरवशावर काही ठरवू नका.

आणि तुम्हाला त्याची गरजही नाही. या किमतीत साधारण ४५ युनिटची बॅटरी येते. माहितीपत्रकात पल्ला साडेचारशेच्या वर लिहिलेला असेल, तो विसरा. एसी लावून, चार माणसं आणि सामान घेऊन, नव्वद-शंभरच्या वेगाने तीनशे धरा. खंबाटकी घाट चढताना टक्के भराभर उतरतील, पलीकडे उतारावर थोडे परत येतील. वाकड ते कराड पावणेदोनशे. घरी पोहोचेल तेव्हा बॅटरी चाळीस टक्के असेल. तुमच्या घरच्या १५ अँपिअरच्या प्लगवर रात्री नऊ तास लावली की तीसएक युनिट भरतात, आणि दुसऱ्या दिवशी वाटेत कुठेही न थांबता तो परत जाऊ शकतो. त्यासाठी घरातलं अर्थिंग तपासून घ्या, मुख्य फळीपासून वेगळी जाड तार ओढा, फ्रीजच्या प्लगवर चालवू नका. या कामाचे पैसे तुम्ही द्या. ते वाया जाणार नाहीत, गाडी कोणतीही आली तरी.

पाच लाखांबद्दल असं करा. मुलाला सांगा, समितीचं लेखी पत्र आणि भिंतीत बसलेला प्लग दाखव, त्या दिवशी चेक देतो. दोन महिन्यांची मुदत द्या. दरम्यान त्याने एखादी इलेक्ट्रिक गाडी शनिवार-रविवार भाड्याने घ्यावी आणि सगळ्यांना घेऊन कराडला यावं. पुण्यात अशा गाड्या भाड्याने मिळतात. समितीने नाहीच म्हटलं तर सीएनजी घ्या आणि पाचाऐवजी तीन द्या, गाडीच तेवढी स्वस्त आहे. तोवर ती रक्कम ठेवीत असेल तर तिथेच राहू द्या. मुदतीआधी मोडली तर व्याज कापतात, आणि शोरूमवाला ‘महिनाअखेरपर्यंतच ऑफर’ म्हणाला तरी पुढच्या महिन्यात तो तेच म्हणणार आहे.